कप्पी

डॉक्टरीणबाईंनी आधी जुने फोटो मागितले.
मला वाटलं, सरकारी योजनेसाठी असतील.
पुढच्या बुधवारी देवगडहून कुडाळला जाताना
पिशवीत टाकले: चौथीच्या वर्गाचा, लग्नाचा,
बोटीच्या परवान्याचा,
आणि आईच्या कडेवरचा एक, कोपरा कसरीने खाल्लेला.

बाईंनी ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले.
"बघा, खवणेकर."
बघितलं.
सगळ्यांत मी डाव्या खांद्याला
काहीतरी गुपित सांगत होतो.
मुंडावळ्या एका गालावर घसरलेल्या.
कडेवरचं दहा महिन्यांचं पोरही तसंच.

जेटीवर मला वाकडो म्हणतात.
मानेला तेल झालं, शेक झाला,
मिठबावच्या एकाने असा झटका दिला
की तीन दिवस घास उतरेना.
मास्तर ओरडत, सरळ बघ.
सरळ बघितलं की फळ्याखाली अजून एक फळा दिसे.
मला वाटे, सगळ्यांनाच दिसतो.

गेल्या शिमग्यापासून मान वाकडी करूनही भागेना.
पहाटे परतताना दीपगृहाचे दिवे दोन,
एक जागेवर,
एक त्याच्या खाली, जरा कललेला.
सुकाणू माझ्या हातात, मागे सहा खलाशी झोपलेले.
खयचो खरो, ह्या कोणाक विचारू?

बाईंनी माझा उजवा डोळा तळहाताने झाकला.
मान आपसूक सरळ झाली.
एवढंच.
चाळीस वर्षांत एवढंच कुणी केलं नव्हतं.
मग स्वतःच माझं डोकं उजवीकडे कलवलं
आणि शिकाऊ पोरीला म्हणाल्या, बघ, कसा वर चढतोय डोळा.
मग तिरक्या काचांची पट्टी डोळ्यासमोर धरून
सरकवत राहिल्या
दोन दिवे एकमेकांत शिरेपर्यंत,
आणि एक आकडा लिहिला.

कागदाच्या पाठीवर चित्र काढलं.
डोळ्याला सहा स्नायू. पाच सरळमार्गी.
एक मात्र नाकाशेजारच्या कप्पीतून वळसा घेतो.
"कप्पी?"
"हो. तुमच्या बोटीवर असते तशीच."
इतकी वर्षं मी कप्पीवर जाळी ओढली
आणि माझ्याच भुवईखाली
एक दोर जन्मापासून ढिला.

"मग तो ताणून बांधा."
"नको. तो जेवढं ओढतो तेवढं ओढू दे.
त्याच्या विरुद्ध जो एकटाच जोर करतोय ना,
त्याला थोडा सैल करू."
सोसायटीच्या भांडणांत हे कधी
कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

बायको म्हणाली, डोळो काढून बशीत ठेवतत.
नाही ठेवत. तो जागेवरच होता, मीही जागाच.
भूल फक्त डोळ्याभोवती.
आकडीने आत काहीतरी उचललं
तसं पोटात ढवळलं,
यंत्राची टिकटिक मागे पडू लागली.
"सोडते जरा," बाई म्हणाल्या.
टिकटिक परत आली. त्यांनी पुन्हा उचललं, हळू.
कोणीतरी मोजलं, दहा मिलिमीटर.
बांगड्याच्या जाळ्याचा पाव डोळाही नाही.

आता दिवा एकच.
पाण्याची रेघ एकच, आडवी.
मान मात्र अजून सवयीने डावीकडे जाते,
मालक गेलेल्या घराकडे
कुत्रा जातो तशी.

परवा रिद्धी जेवताना बघितली.
पाच वर्षांची.
डोकं डाव्या खांद्याकडे.
माझा घास हातातच राहिला.
उठलो, तिचा उजवा डोळा तळहाताने झाकला.
मान तशीच. डावा झाकला.
तशीच.
ती हसायला लागली.
"बाबा, मी तुमी झालंय."

दोनदा अजून झाकून बघितलं, खात्रीसाठी.
मग तिच्या शेजारी बसलो
आणि दोघांनी मिळून
समोरच्या भिंतीकडे सरळ बघायचा सराव केला.
तिला लगेच जमलं.